मदत हवी आहे: अल्झायमरमध्ये टाउ एन्टोरायनलला आधी आणि मोटर कॉर्टेक्सला शेवटी का गाठतो?

अर्धवर्तुळ
एमएससीच्या सेमिनारची एक स्लाइड अडली आहे. जाणकारांनी मदत करावी.

१. टाउ या प्रथिनाचे पेशींच्या आतले गुंते (टँगल्स) एन्टोरायनल कॉर्टेक्सकडून, म्हणजे स्मृतीच्या हिप्पोकॅम्पसशेजारच्या पट्ट्यातून, सुरू होतात म्हणतात, पण अ‍ॅमिलॉइड (पेशींबाहेर प्लाक बनून साचणारं दुसरं प्रथिन) दाखवणाऱ्या पेट स्कॅनमध्ये आधी प्रीक्युनियस आणि पोस्टेरियर सिंग्युलेट (मेंदूच्या आतल्या-मागच्या बाजूचे भाग) उजळतात. मग सुरुवात नक्की कुठे?
२. एकाच भागातल्या शेजारशेजारच्या पेशींपैकी एक मरते, दुसरी टिकते. का?
३. सार्वजनिक डेटासेटमधल्या फ्लोर्टॉसिपिर (टाउला चिकटणारा किरणोत्सारी ट्रेसर) स्कॅनवरून हिप्पोकॅम्पसचे एसयूव्हीआर (त्या भागातली चमक भागिले संदर्भ-भागातली चमक) काढले, तर निरोगी माणसांचेही आकडे चढे येताहेत. काय चुकतंय?

काचपट्टी
पहिल्या प्रश्नात तुम्ही दोन वेगळे नकाशे एकावर एक ठेवताय. ब्राक दांपत्याच्या १९९१ च्या पायऱ्या टाउच्या आहेत: १-२ ट्रान्सएन्टोरायनल आणि एन्टोरायनल पट्टा, ३-४ लिंबिक (स्मृती-भावनांचे) भाग, ५-६ निओकॉर्टेक्स (मेंदूची बाहेरची साल). प्राथमिक मोटर आणि दृष्टीचा भाग अगदी सहाव्या पायरीला. थालच्या २००२ च्या टप्प्यांत अ‍ॅमिलॉइडची वाट वेगळी आहे. तो निओकॉर्टेक्सपासून आत आणि खाली उतरतो, सेरेबेलम (लहान मेंदू) शेवटी. पेशी कुठे मरतात आणि लक्षणं कोणती दिसतात, याचा मेळ टाउच्या नकाशाशी जास्त बसतो. म्हणून स्लाइडवर 'नाजूक भाग' लिहाल तिथे कशापुढे नाजूक, हेही लिहा.

'सुरुवात' हा शब्द तर टाळाच. २०११ मध्ये ब्राक गटाने १ ते १०० वर्षं वयोगटातले २३३२ मेंदू तपासले. त्यात एटी८ या अँटिबॉडीने रंगणारा टाउ ब्रेनस्टेममधल्या (मेंदूच्या देठातल्या) लोकस सेरुलियस या पेशीपुंजात एन्टोरायनलच्याही आधी, काहींत तर तिशीच्या आतच सापडला. त्या सगळ्यांना पुढे अल्झायमर झालाच असता का, हा वाद निराळा.

दुसरा_थर
दुसऱ्या प्रश्नाबद्दल: भाग विचारू नका, पेशी विचारा. एन्टोरायनलच्या दुसऱ्या थरातल्या पेशी परफोरंट पाथ या तंतुमार्गातून हिप्पोकॅम्पसला माहिती पुरवतात. गोमेझ-इस्ला वगैरेंच्या १९९६ च्या मोजणीत अगदी सौम्य आजारातच या थरातल्या सुमारे ६० टक्के पेशी गेलेल्या होत्या, तीव्र आजारात सुमारे ९० टक्के. स्मृती आधी का जाते, त्याचं बरंचसं उत्तर इथेच आहे.

'मोठी पेशी, लांब अ‍ॅक्सॉन (पेशीचा तंतू), म्हणून नाजूक' हे उत्तर जागोजागी दिसतं, पण ते अपुरं आहे. मोटर कॉर्टेक्समधल्या बेट्झ पेशी प्रचंड, अ‍ॅक्सॉन थेट मज्जारज्जूपर्यंत, तरी त्या बऱ्याच टिकतात. ब्राक यांचा मुद्दा मायलिनचा (अ‍ॅक्सॉनवरच्या चरबीयुक्त आवरणाचा) होता: ज्या अ‍ॅक्सॉनवर मायलिन उशिरा आणि पातळ चढतं, त्यांना ऊर्जा जास्त लागते. त्यावर पेशीची स्वतःची घडण येते. २०२१ मध्ये एकेका केंद्रकाच्या आरएनए तपासणीत एन्टोरायनलमधल्या उत्तेजक पेशींतल्या आरओआरबी हे प्रथिन असलेल्या पेशी आधी घटताना दिसल्या. उलट पार्व्हाल्ब्युमिन हे प्रथिन असलेल्या निरोधक पेशींत टँगल्स क्वचितच. टाउची साफसफाई करणारी यंत्रणा, उदाहरणार्थ बॅग३ हे प्रथिन, निरोधक पेशींत जास्त असते.

रिलिन हे प्रथिन मात्र सोडू नका. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कोलंबियातल्या रुग्णात प्रेसेनिलिन-१ या जनुकाचं घातक म्युटेशन होतं. त्या घराण्यांत चाळिशीतच विस्मरण सुरू होतं, हा ६७ पर्यंत शाबूत. अ‍ॅमिलॉइड भरपूर, पण एन्टोरायनलमध्ये टाउ कमी. त्याच्याकडे रिलिनचा दुर्मीळ, जास्त जोरकस प्रकार होता. एकाच रुग्णावरून सिद्धांत उभा राहत नाही, पण स्लाइडवर यावा इतका तो महत्त्वाचा आहे.

पेटपूजा
तिसरा प्रश्न अगदी नेहमीचा. हिप्पोकॅम्पसच्या डोक्यावरच कोरॉइड प्लेक्सस (मेंदूतला द्रव तयार करणारी जाळी) आहे आणि फ्लोर्टॉसिपिर टाउ नसतानाही तिथे चिकटतं. ती चमक खाली सांडते. बेसल गँग्लियातही (मेंदूच्या खोल भागातल्या पेशीपुंजांतही) हाच प्रकार. तेव्हा:

– इंजेक्शननंतर ८० ते १०० मिनिटांच्याच फ्रेम घ्या.
– संदर्भ म्हणून सेरेबेलमचा खालचा करडा भाग घ्या. वरचा घेतलात तर शेजारच्या ऑक्सिपिटल आणि फ्यूजिफॉर्म भागांची चमक त्यात मिसळते, भाजक वाढतो आणि सगळे आकडे खाली येतात.
– हिप्पोकॅम्पस विश्लेषणातून वगळा. एन्टोरायनल, अमिग्डाला, फ्यूजिफॉर्म, इन्फिरियर टेम्पोरल मिळून एक टेम्पोरल आकडा करा.

एन्टोरायनल जेमतेम काही मिलिमीटर जाड, स्कॅनरची धार त्याहून बोथट. आक्रसलेल्या मेंदूत आकडा खोटा कमी दिसतो, म्हणून पार्शल व्हॉल्यूम करेक्शन (स्कॅनच्या बोथटपणाने आलेल्या चुकीची दुरुस्ती) करून आणि न करून, दोन्ही तक्ते दाखवा.

अर्धवर्तुळ
खूप आभार. अ‍ॅमिलॉइड पेटलाही सेरेबेलमच संदर्भ ठेवला तर चालेल ना?

पेटपूजा
वयोमानाने होणाऱ्या आजारात चालेल. प्रेसेनिलिनवाल्या घराण्यांत सेरेबेलममध्येही प्लाक असतात, तिथे पॉन्स (ब्रेनस्टेमचा एक भाग) घ्या.

काचपट्टी
आणि स्लाइडवर 'नेहमी' हा शब्द नको. मरेंच्या २०११ च्या अभ्यासात ८८९ मेंदूंपैकी ११ टक्क्यांत हिप्पोकॅम्पस तुलनेने वाचलेला होता. पोस्टेरियर कॉर्टिकल अ‍ॅट्रोफीत (मेंदूचा मागचा भाग आक्रसणाऱ्या प्रकारात) तर रुग्ण आधी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जातो, कारण बिघाड दिसण्यात असतो, आठवण्यात नाही.