एमजीबी जीटीचा सिल गंजलाय, घरच्या घरी नीट होईल का?

गंजलेला_गडी

नमस्कार मंडळी, मी इंग्लंडात लेस्टरला असतो. हौस म्हणून १९७२ची एमजीबी जीटी ही जुनी ब्रिटिश गाडी घेतलीये, इंजिन एकदम मस्त, ओव्हरड्राइव्ह पण चालतो. पण ड्रायव्हरच्या दरवाज्याखालच्या सिलच्या, म्हणजे उंबऱ्यासारख्या पोकळ पत्र्याच्या, रंगाला फोड आलेले, सहज स्क्रूड्रायव्हरने टोचून बघितलं तर तो मुठीपर्यंत आत आणि खाली लाल भुगा. आधीच्या कोणीतरी जुन्या सिलवरच नवा पत्रा चढवून, लांबी (पुट्टी) भरून, रंग मारून मोकळा झालेला दिसतोय. इथल्या एका गॅरेजवाल्याने फोटो बघूनच जो आकडा सांगितला तो ऐकून बायको म्हणाली विकून टाक 😅

घरी गॅरेज आहे, मिग वेल्डर घेतलाय, भंगार पत्र्यावर सराव चालू आहे. मला एवढंच सांगा, रस्ट कन्व्हर्टर (गंजावर लावायचं रसायन) मारून वरून फायबरग्लास लावलं तर चालेल का की कापायलाच लागेल? गाडी चाळीस वर्षांच्या वरची आहे त्यामुळे एमओटी (इथली गाडीची वार्षिक तपासणी) लागत नाही, घाई काही नाही.

मिडलंड्सकाका

फायबर अजिबात नको रे बाबा. एमजीबीला खाली वेगळी चासी नाहीये, मोनोकॉक आहे, म्हणजे सिल हाच तिचा कणा. आणि एमओटी लागत नाही ही सूट २०१८ पासून मिळालीये ती फक्त टेस्टची, रस्त्यावर आणलेली गाडी धड असण्याची जबाबदारी तुझीच राहते.

तुला बाहेरून दिसतोय तो फक्त बाहेरचा सिल. त्याच्या आत उभा पत्रा असतो त्याला मेम्ब्रेन म्हणतात, त्याच्या आत आतला सिल, आणि खाली कॅसल रेल नावाची पत्र्याची पट्टी. बाहेरच्याला भोक पडलंय म्हणजे मेम्ब्रेन खालून गेलेला असणार हे धरूनच चाल. आणि मुळात हे होतं कशाने तर पुढच्या चाकाने उडवलेला चिखल आणि हिवाळ्यातलं रस्त्यावरचं मीठ. पुढच्या विंगच्या (मडगार्डच्या पत्र्याच्या) आत चाकामागे एक आडवा पत्रा असतो, त्याचं रबर सडलं की सगळा गाळ त्याच्यामागे जाऊन बसतो आणि वर्षभर ओलाच राहतो. विंग काढलीस की बघशील, बागेत टाकण्याइतकी माती निघते.

आता महत्त्वाचं. सिलची दोन्ही टोकं विंगच्या मागे लपलेली असतात. पुढची विंग बोल्टवर आहे, ती काढायची (बोल्टना आदल्या दिवसापासून पेनिट्रेटिंग ऑइल पाजत राहा, विंडस्क्रीनच्या खांबाजवळचे फार रडवतात). मागची विंग मात्र वेल्ड केलेली आहे, तिचा दरवाज्यामागचा खालचा तुकडा कापावा लागतो. बरेच जण तिथे आळस करतात, दिसतो तेवढाच सिल कापून मध्ये तुकडा बसवतात, मग दोन हिवाळ्यांत फोड परत हजर.

आणि कापायच्या आधी दरवाज्याच्या फटी बघ. दरवाजा लावून मागच्या कडेची फट वर, मध्ये, खाली मोजून मास्किंग टेपवर तिथेच लिहून ठेव. मग दरवाज्याच्या चौकटीत पुढच्या खांबापासून मागच्या खांबापर्यंत चौकोनी नळीचा आडवा ब्रेस टॅक (वेल्डचा छोटा ठिपका) करून टाक. जीटीला छप्पर आहे म्हणून ती उघड्या रोडस्टरइतकी वाकत नाही पण भरवसा ठेवू नको. घोड्या (जॅक स्टँड) लावायच्या त्या ॲक्सल आणि सस्पेन्शनखाली, म्हणजे बॉडीवर वजन तसंच येईल जसं चाकांवर उभी असताना येतं. मधोमध जॅक लावून सिल कापलास तर गाडी तशीच वाकडी वेल्ड होणार आणि दरवाजा जन्मभर घासणार. एका वेळी एकच बाजू, आधी आतलं आणि कॅसल रेल, मग मेम्ब्रेन, बाहेरचा सिल शेवटी. प्रत्येक वेळी पूर्ण वेल्ड मारण्याआधी पत्रा क्लॅम्पवर धरून दरवाजा लावून बघायचा, फटी टेपवरच्या आकड्यांशी जुळल्या तरच पुढे.

पत्रेवाला_कोल्हापूर

काकांनी सगळं बरोबर सांगितलंय. आमच्याकडं ही गाडी येत नाही पण पत्रा सगळीकडं सारखाच हाय भावा. एक मिमीचा पत्रा असेल तर वेल्डरची तार ०.६ ची घे, ०.८ नं नवशिक्याची भोकंच पडतात. सलग रेघ ओढू नको, पत्रा तापून लाटा येतात मग हातोडी-डॉली घेऊन बसायचं. एक टॅक इकडं, एक लांब तिकडं, गार होऊ दे, मग मधला. कंपनीनं जिथं स्पॉट वेल्ड मारलेत तिथं वरच्या पत्र्याला भोक पाडून प्लग वेल्ड मार, आणि सुरुवात खालच्या पत्र्यावरनं कर नायतर वरनं छान दिसतंय आणि खाली धरलेलंच नसतंय. दोन तुकडे जोडून व्हाइसमध्ये धरायचे आणि सोलून बघायचं, पत्रा फाटला पायजे, वेल्ड सुटता कामा नये. हे जमेस्तोवर गाडीला हात लावू नको.

अमृता_के

कन्व्हर्टरबद्दल मी सांगते. त्यातलं टॅनिक किंवा फॉस्फरिक ॲसिड वरच्या गंजाला धरून काळा किंवा राखाडी थर करतं, पण पोचेल तिथेच. दोन पत्र्यांच्या सांध्यात अडकलेला गंज तसाच राहतो. त्यामुळे जिथे पत्रा जाड आहे आणि नुसते खड्डे पडलेत तिथे वायर ब्रशने घासून मग ते वापर, भोक असेल तिथे कापणं आलंच. आणि लांबी डायरेक्ट उघड्या पत्र्यावर कधीच नको, ती पाणी शोषते. आधी इपॉक्सी प्रायमर, मग गरज असेल तर पातळ लांबी.

आणि दादा प्लीज, पत्रा साफ करायला क्लोरीनवाला ब्रेक क्लीनर वापरून त्यावर वेल्डिंग करू नका, त्यातून फॉस्जीन तयार होतो, विषारी वायू आहे तो. वेल्डखाली झिंक प्रायमर मारणार असाल तर दार उघडं ठेवा, झिंकच्या धुराने ताप भरतो. पेट्रोल टाकी मागे डिकीखाली आहे, तिकडचं काम काढलंत तर टाकी उतरवूनच ठेवा, रिकामी टाकी जास्त धोक्याची कारण आत वाफ असते. कार्पेट आणि खालचं डांबरी अस्तर पण काढा, सिलच्या आतल्या बाजूला तेच पेटतं.

गंजलेला_गडी

बापरे, बरं झालं विचारलं. काल कार्पेट काढलं, फ्लोअर ठणठणीत आहे पण मागे बॅटरीच्या खोक्यांची जाळी झालीये. आणि सगळं झाल्यावर आतून काय मारायचं?

मिडलंड्सकाका

बॅटरीचं खोकं जाणारच, दोन सहा व्होल्टच्या बॅटऱ्या, ॲसिड सांडतं आणि खालून पाणी. तयार खोकी मिळतात. वेल्डिंगला बसण्याआधी बॅटऱ्या बाहेर आणि अल्टरनेटरची वायर सुटी, नायतर डायोड उडतात.

आतून कॅव्हिटी वॅक्स, म्हणजे पोकळीत फवारायचं मेण. पण रंग पूर्ण वाळल्यावर, लांब नळीने, आणि गरमीच्या दिवशी मार म्हणजे सांध्यात ओघळत जातं. खालची पाणी जायची भोकं वॅक्सने बुजली असतील तर तारेने मोकळी करायची, हे लोक विसरतात.

पत्रेवाला_कोल्हापूर

बिजागऱ्या, ब्रॅकेट असलं सुटं सामान मळीत टाक. आमच्याकडं साखर कारखान्याची मळी पाण्यात कालवून ड्रममध्ये ठेवतात, काही आठवड्यांत गंज सुटतो, चांगल्या लोखंडाला धक्का नाही. फक्त ॲल्युमिनियम टाकू नको, खाऊन टाकतंय.

मिडलंड्सकाका

इथे ती घोड्यांच्या खाद्याच्या दुकानात मिळते, मोलॅसेस म्हणून. ड्रम घरापासून लांब ठेव रे, वास भयंकर.