पीआर कार्ड संपलंय, टोरांटोला परत कसं जायचं?

जोशी काकू, बी-२०३: सूनबाईंचं कॅनडाचं पीआर (म्हणजे कायम राहण्याच्या हक्काचं) कार्ड ती इथे असतानाच संपलं. जुनं कार्ड आणि लँडिंगचा कागद दाखवून विमानात बसता येईल का?

ए-५०१: नाही काकू, चेक-इनलाच अडवतील. कार्ड संपलं म्हणून पीआर जात नाही, पण विमान कंपनी वैध कार्ड नाहीतर पीआरटीडी, म्हणजे बाहेर असलेल्या पीआरला परतण्यासाठी मिळणारा प्रवासाचा कागद, मागते. लँडिंगचा कागद म्हणजे सीओपीआर, तो विमानासाठी चालत नाही.

सी-१०४: आणि इथून नव्या कार्डाचा अर्ज भरू नका. तो कॅनडात असतानाच करायचा असतो, कार्ड भारतात पाठवत नाहीत.

जोशी काकू, बी-२०३: मग पीआरटीडी कसं काढायचं?

ए-५०१: पीआर पोर्टलवर ऑनलाइन. फॉर्म आयएमएम ५५२४, फी ५० कॅनेडियन डॉलर. खरी परीक्षा दिवसांची असते: अर्जाच्या तारखेपासून मागच्या ५ वर्षांत ७३० दिवस कॅनडात हवेत. आल्या-गेल्याचा दिवसही पूर्ण धरतात. पासपोर्टवरच्या शिक्क्यांशी प्रत्येक तारीख ताडून बघा, कारण तिथे फरक आढळला की चौकशी लांबते. सोबत टॅक्सची असेसमेंट नोटीस, पगाराच्या स्लिपा, भाडेकरार. मंजुरीनंतर पासपोर्ट मागवतात. कागद बहुधा एकाच प्रवेशापुरता मिळतो, त्यामुळे हाती येईपर्यंत तिकीट काढायची घाई नको.

जोशी काकू, बी-२०३: दिवस थोडे कमी पडतील. पण मुलगा तिकडचा सिटिझन आहे, वर्षभर दोघं इथेच एकत्र राहिलेत.

ए-५०१: मग ते वर्ष मोजून घ्या! सिटिझन नवऱ्यासोबत बाहेर काढलेले दिवस धरतात. लग्नाचा दाखला, त्याच्या कॅनेडियन पासपोर्टची प्रत आणि दोघांच्या नावावर एकाच पत्त्याचे कागद जोडा. तरीही कमी पडले, तर मानवतेच्या आधारावर कारणं लिहून पुरावे आत्ताच लावा. अर्ज नाकारला तर अपिलाला ६० दिवस असतात, त्यानंतर पीआरच जाऊ शकतं.

डी-३०२: अमेरिकेहून रस्त्याने शिरता येतं म्हणतात ना?

सी-१०४: खासगी गाडीने, हो. बस-ट्रेनला तोच विमानाचा नियम. शिवाय अमेरिकेचा व्हिसा आधी हवा. तो नसेल तर हा रस्ता विसरा.

ए-५०१: व्हिजिटर व्हिसाच्या भानगडीतही पडू नका काकू, पीआर असताना तो देत नाहीत. आणि मधे दुसऱ्या देशात विमान बदलायचं असेल तर ट्रान्झिट व्हिसाचं आधी बघा. काही ठिकाणी सूट वैध कार्डावरच मिळते. दिल्ली-टोरांटो थेट विमान असेल तर तेच बरं.