मदत हवी आहे: ५.१ होम थिएटरचे मागचे दोन्ही स्पीकर गप्प, टीव्हीला नक्की कसं जोडायचं?

निखिल_कोपरखैरणे (गुरुवार, रात्री ९:४०)
मंडळी, जरा लवकर मदत करा. नवीन ५.१ (पाच स्पीकरचा वेगवेगळा आवाज आणि एक वूफर) होम थिएटर घेतलं आहे, बजेटमधलंच. समोरचा बार वाजतो, वूफर थोडाफार वाजतो, मागचे दोन स्पीकर एकदम गप्प. सगळ्या वायरी नीट खोचल्या आहेत, रिमोटवरचे सगळे मोड फिरवून पाहिले. दुकानदार म्हणतो टीव्हीचा प्रॉब्लेम, टीव्हीवाले म्हणतात होम थिएटरचा. शनिवारी संध्याकाळी आईबाबा आणि मामाकडचे सगळे येणार आहेत, त्याआधी चालू व्हायलाच हवं. पीस खराब आहे का? परत करू का? कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाव आलं की इथे त्यावरूनच वाद सुरू होतो आणि प्रश्न राहतो बाजूला.

सोल्डरगन (गुरुवार, रात्री ९:५२)
परत करायची घाई नको. टीव्हीपासून सिस्टीमपर्यंत कोणती वायर गेली आहे? मागच्या स्पीकरच्या वायरी कुठे जातात, बारला की वूफरला? आणि तुम्ही बघता काय: सेटटॉप बॉक्स, ओटीटी की यूट्यूब?

बेसप्रेमी (गुरुवार, रात्री ९:५५)
किती वॅटची आहे ते आधी सांगा. कमी वॅटच्या सिस्टीममध्ये मागच्या स्पीकरपर्यंत ताकद पोचतच नाही.

निखिल_कोपरखैरणे (गुरुवार, रात्री १०:०१)
वायर डब्यात आलेलीच लावली आहे. टीव्ही स्मार्ट आहे, ४३ इंची. डब्यावर ४०० वॅट लिहिलंय. मागचे दोन्ही वूफरच्या पाठीला.

पडदा_मोठा (गुरुवार, रात्री १०:०४)
४३ इंचावर ५.१ चा आनंद मिळत नाही. माझं ऐका, टीव्ही बेडरूममध्ये न्या आणि हॉलमध्ये प्रोजेक्टर लावा. भिंत पांढरी असेल तर पडदाही लागत नाही. फक्त दिवसा जाड पडदे ओढावे लागतात. ८० इंची चित्र बघितलं की परत टीव्हीकडे वळणार नाही. हॉल किती फूट आहे?

सोल्डरगन (गुरुवार, रात्री १०:०९)
निखिल, "डब्यात आलेली" यावरून कळत नाही हो. डब्यात दोन-तीन तऱ्हेच्या वायरी येतात. टोक कसं आहे ते सांगा. चपटं आणि रुंद? हेडफोनसारखी पिन? की छोटं चौकोनी, ज्यातून लाल उजेड दिसतो?

निखिल_कोपरखैरणे (गुरुवार, रात्री १०:१५)
हेडफोनसारखी पिन. टीव्हीच्या हेडफोनच्या भोकात लावली आहे. आधी चपटी, एचडीएमआयची, लावून पाहिली होती, पण त्यात आवाजच येत नव्हता, म्हणून काढली.

सोल्डरगन (गुरुवार, रात्री १०:२८)
झालं, इथेच आहे सगळं. हेडफोनच्या पिनमधून फक्त दोनच चॅनल (आवाजाच्या वाटा) जातात, डावा आणि उजवा. मागच्या स्पीकरसाठी वेगळा आवाज त्या वायरीतून येऊच शकत नाही, मग ते वाजतील कुठून? तुमचा पीस बहुधा ठणठणीत आहे. ब्लूटूथने जोडलं तरी हीच गत होईल.

एचडीएमआय मुकी राहिली, कारण टीव्हीच्या तीन-चार एचडीएमआय भोकांपैकी बहुधा एकाच भोकातून आवाज बाहेर येतो. बाकीची नुसतं आत घेतात. त्या भोकाशेजारी बारीक अक्षरात एआरसी लिहिलेलं असतं, कधी ईएआरसी. मोबाईलचा टॉर्च मारून टीव्हीच्या पाठीमागे बघा. एचडीएमआयमध्ये ही सोय २००९ पासून आहे, त्यामुळे ४३ इंची स्मार्ट टीव्हीत ती असणारच.

वायरीचं एक टोक त्या भोकात, दुसरं सिस्टीमवर जिथे "टीव्ही आउट, एआरसी" लिहिलंय तिथे. मग टीव्हीच्या सेटिंगमध्ये एचडीएमआय-सीईसी चालू करा (टीव्ही आणि सिस्टीम एकमेकांना ओळखतात ती सोय; प्रत्येक कंपनीने त्याला वेगळं नाव दिलंय) आणि साउंड आउटपुट टीव्ही स्पीकरवरून रिसीव्हरवर, म्हणजे तुमच्या सिस्टीमवर, न्या. सिस्टीमच्या रिमोटवर इनपुट "टीव्ही" ठेवा. आता आवाज आला पाहिजे.

जुना_डेक (गुरुवार, रात्री १०:४१)
सोल्डरगन म्हणतात ते बरोबर, पण मुळात हे बारवालं ५.१ म्हणजे तडजोड आहे. त्याच पैशात सेकंडहँड रिसीव्हर (सगळ्या स्पीकरना आवाज वाटणारा ॲम्प्लिफायरचा डबा) आणि सुटे स्पीकर मिळतात. मी ठाण्याला नौपाड्यात राहतो, माझा रिसीव्हर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून, आणलेला आहे. एक चॅनल गेला की दुरुस्त होतो, स्पीकर हवे तेव्हा बदलता येतात. बारमधलं एक काही बिघडलं की अख्खा बार जातो. अजून परत घेत असतील तर परत करा आणि ग्रँट रोड स्टेशनला उतरा.

अनुजा_वाशी (गुरुवार, रात्री १०:५०)
जुना_डेक, त्यांच्याकडे शनिवारी माणसं येणार आहेत. आता ते लॅमिंग्टन रोडवर रिसीव्हर पारखत बसणार का? आणि कोपरखैरण्याच्या हॉलमध्ये पाच सुटे स्पीकर, त्यांची स्टँड आणि रिसीव्हर ठेवायचे कुठे? सेकंडहँडला वॉरंटी नसते, हेही सांगा ना.

जुना_डेक (गुरुवार, रात्री १०:५८)
जागा काढली की निघते. माझाही हॉल दहा बाय चौदाच आहे. वॉरंटीचं म्हणाल तर दुकानात समोर लावून, पाचही चॅनल ऐकून मगच घ्यायचा. लोक स्वस्तातलं घेतात आणि तीन वर्षांनी भंगारात देतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

बेसप्रेमी (गुरुवार, रात्री ११:०३)
एचडीएमआय वायर तरी चांगली घ्या. सोबत आलेली पातळ असते. माझ्याकडे सोन्याचा मुलामा असलेली आहे, आवाजात फरक पडतो.

सोल्डरगन (गुरुवार, रात्री ११:१०)
नाही पडत. डिजिटल सिग्नल आहे. पोचला तर पूर्ण पोचतो, नाही पोचला तर आवाज तुटतो किंवा जातो. वायर महाग म्हणून बेस वाढत नाही. आणि वॅटचं म्हणाल तर ४०० हा आकडा सगळ्या चॅनलची बेरीज असतो, तोही आवाज फाटायला लागेपर्यंत ताणून मोजलेला. दोन स्पीकर पूर्ण गप्प असण्याचा वॅटशी संबंध नाही. निखिल, एकही रुपया खर्च करू नका.

निखिल_कोपरखैरणे (शुक्रवार, सकाळी ७:३५)
एआरसी एचडीएमआय २ ला लिहिलं होतं. तिथे सेटटॉप बॉक्स होता, तो १ ला नेला. आता आवाज येतो, बारचा आवाज आधीपेक्षा खूपच मोकळा. पण मागचे अजून गप्पच! ओटीटीवर ५.१ लिहिलेला सिनेमा लावून पाहिला.

सोल्डरगन (शुक्रवार, सकाळी ८:०५)
आता टीव्हीच्या साउंड सेटिंगमध्ये "डिजिटल ऑडिओ आउट" शोधा. तिथे बहुतेक पीसीएम (टीव्हीने आधीच उलगडलेला आवाज) असेल. साध्या एआरसीतून पीसीएम गेलं की दोनच चॅनलचं जातं. ते बदलून ऑटो, बिटस्ट्रीम किंवा पासथ्रू करा, जे दिसेल ते. म्हणजे टीव्ही डॉल्बीचा (५.१ आवाज बांधून पाठवायची पद्धत) आवाज स्वतः उलगडत बसणार नाही, जसाच्या तसा सिस्टीमला देईल. ओटीटी ॲपमध्येही ऑडिओच्या यादीत ५.१ निवडलेलं आहे ना, बघा.

चरईकर (शुक्रवार, सकाळी ९:२०)
चर्चा वाचतोय. माझ्या मुलाने अशीच सिस्टीम बसवून दिली. मागून पाऊस पडतो, हेलिकॉप्टर जातं, सगळं छान. पण समोरची माणसं काय बोलतात ते ऐकू येत नाही. ठाण्यात तलावपाळीला गडकरी रंगायतन १९७८ साली झालं, तेव्हापासून तिथे नाटकं बघतोय. नट बोलला की आवाज त्याच्या तोंडातून आला असं वाटतं. घरी मात्र संवाद आला की आवाज वाढवा, मारामारी आली की कमी करा, रिमोट हातातून सुटत नाही. याला काही उपाय आहे का?

सोल्डरगन (शुक्रवार, सकाळी ९:४४)
आहे काका. ५.१ मध्ये संवाद मुख्यतः मधल्या चॅनलमधून येतात. रिमोटवर सेंटर लेव्हल किंवा व्हॉइस असं काही असेल तर तेवढंच दोन-तीन घर वाढवा. नाइट मोड असेल तर तोही लावा, त्याने हळू आणि मोठ्या आवाजातलं अंतर कमी होतं. शिवाय बारच्या समोर टीपॉयवर फुलदाणी, फोटोफ्रेम असं काही असेल तर ते बाजूला करा.

चरईकर (शुक्रवार, सकाळी १०:१२)
व्हॉइसचं बटण आहे. दाबल्यावर पुष्कळ फरक पडला. बारपुढे गणपतीची मूर्ती होती, तिला वरच्या फळीवर जागा दिली. आभारी आहे.

निखिल_कोपरखैरणे (शुक्रवार, दुपारी १:१५)
ऑफिसातून लिहितोय. निघण्याआधी पीसीएमचं ऑटो केलं. उजवा मागचा वाजला!!! डावा अजून गप्प. आता काय? हा तरी खराब आहे ना?

अनुजा_वाशी (शुक्रवार, दुपारी १:३०)
डाव्याची वायर उजव्याच्या जागी लावून बघा. डावा तिथे वाजला तर स्पीकर चांगला, नाही वाजला तर स्पीकर किंवा त्याची वायर गेली.

सोल्डरगन (शुक्रवार, दुपारी १:३८)
+१. आणि एक विचारायचं राहिलं. कंपनीची वायर सोफ्याच्या मागपर्यंत पुरली का?

निखिल_कोपरखैरणे (शुक्रवार, दुपारी १:५०)
डाव्याची नाही पुरली. मधे दरवाजा येतो, चौकटीवरून वळवून आणावी लागली. घरात पडलेली बेलची वायर जोडून लांब केली. भाड्याचं घर आहे, भिंतीला भोक पाडायला मालक नाही म्हणतात.

सोल्डरगन (शुक्रवार, दुपारी २:०५)
तो जोड उघडा. बेलच्या वायरीत बहुधा एकच बारीक कडक तार असते, वाकवली की प्लास्टिकच्या आतल्या आत तुटते आणि वरून काही दिसत नाही. इलेक्ट्रिकच्या दुकानातून ४०/७६ ची ट्विन वायर (बारीक धाग्यांची, दोन तारा जोडून असलेली) घ्या, कोपरखैरण्यात कुठेही मिळेल. टोकाचं प्लास्टिक अर्धा इंच सोला, तांब्याचे सगळे धागे एकत्र पिळा, एकही केस बाहेर राहून शेजारच्या तारेला टेकता कामा नये. मग पीळ मारून जोडा आणि दोन्ही तारांवर वेगवेगळी टेप गुंडाळा. हे सगळं सिस्टीमचा प्लग काढून. चालू सिस्टीमवर दोन तारा एकमेकींना टेकल्या तर आतला ॲम्प्लिफायर जाऊ शकतो.

आणि अधिक-उणे सांभाळा. ट्विन वायरीच्या एका तारेवर रेघ किंवा उंचवटा असतो. रेघेची तार दोन्ही टोकांना एकाच बाजूला हवी.

बेसप्रेमी (शुक्रवार, दुपारी २:२०)
उलटं जोडलं तरी वाजतो. मी कधीच बघत नाही.

सोल्डरगन (शुक्रवार, दुपारी २:३१)
वाजतो, पण एका स्पीकरचा पडदा बाहेर येत असताना दुसऱ्याचा आत जातो. दोघांत सारखा असलेला आवाज एकमेकांना खातो आणि सगळं पोकळ वाटतं. शंका असेल तर स्पीकर सिस्टीमपासून पूर्ण सोडवा आणि घड्याळाचा दीड व्होल्टचा सेल त्याच्या वायरीला क्षणभर टेकवा. सेलचं अधिक टोक स्पीकरच्या अधिक तारेला लागलं की पडदा बाहेर सरकतो. जाळी निघत असेल तर दिसतं, नाहीतर दोन्ही स्पीकर शेजारी ठेवून कोणता भरीव वाजतो ते ऐका.

बेसप्रेमी (शुक्रवार, दुपारी ३:१०)
आत्ता सेल लावून पाहिलं. माझा एक मागचा उलटाच जोडलेला निघाला. बदलला, फरक आहे. मान्य.

निखिल, माझ्याकडून एक सांगतो, हे नक्की उपयोगी पडेल. वूफर कोपऱ्यात ठेवला असेल तर बेस घुमेल. वूफर उचलून तुम्ही बसता त्या सोफ्यावर ठेवा, बेसवालं काहीतरी लावा आणि खोलीत जमिनीलगत कान ठेवून फिरा. जिथे बेस गोळीबंद ऐकू येतो तिथे वूफर ठेवायचा.

अनुजा_वाशी (शुक्रवार, दुपारी ३:२५)
आणि वूफरखाली जाड रबरी मॅट घाला. मी वूफरवाल्याच्या खालच्या मजल्यावर राहते, म्हणून कळकळीने लिहितेय. गाणं ऐकू येत नाही, नुसते धक्के येतात, उशीतून जाणवतात. माझ्या सासूबाई दहाला झोपतात. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत रात्री १० ते सकाळी ६ रहिवासी भागात ४५ डेसिबलची मर्यादा आहे, पण मोजायला कोण येतंय? तुम्हीच दहानंतर वूफरची लेव्हल कमी करा.

जुना_डेक (शुक्रवार, दुपारी ३:४०)
याला पूर्ण अनुमोदन. माझा वूफर दहाला बंद होतो. पण दहीहंडीला नाक्यावर स्पीकरची भिंत उभी करतात, त्यांना कुणी

जुना_डेक (शुक्रवार, दुपारी ३:४२)
वरचा अर्धाच गेला. राहू दे, अवांतर होतंय. निखिल, सोफा मागच्या भिंतीला टेकलेला आहे का?

निखिल_कोपरखैरणे (शुक्रवार, रात्री ९:०५)
हो, टेकलेलाच. नवीन वायर आणली, डावा वाजला! रेघ दोन्हीकडे जुळवली. सिनेमात मागून गाडी गेली तेव्हा बायको स्वयंपाकघरातून बघायला आली. पण आता दोन गोष्टी. आईच्या मालिका सेटटॉप बॉक्सवर लावल्या की मागचे दोन्ही परत गप्प. आणि ओठ आधी हलतात, आवाज मागून येतो.

जुना_डेक (शुक्रवार, रात्री ९:२०)
सोफा टेकलेला असेल तर मागचे स्पीकर भिंतीवर टांगायच्या भानगडीत पडू नका. सोफ्याच्या दोन्ही बाजूंना, कानाच्या किंचित मागे ठेवा. समोर शून्य धरलं तर साधारण ११० अंशांवर. कानापेक्षा थोडे उंच चालतील. स्टूलवर ठेवले तरी पुरे, भिंतीला भोकं नकोत. बारच्या सिस्टीमबद्दल मी वर जोरात लिहिलं, पण ती नीट लावली तर ऐकायला चांगली वाटेल, एवढं नक्की.

सोल्डरगन (शुक्रवार, रात्री ९:३६)
मालिकांचं: टीव्हीच्या पुष्कळ वाहिन्यांवर आवाज मुळात दोनच चॅनलचा येतो, तिथे मागच्यांना स्वतःचं असं काही नसतं. आधी सेटटॉप बॉक्सच्या सेटिंगमध्ये ऑडिओ स्टिरिओवर असेल तर डॉल्बी करा, ज्या वाहिनीवर ५.१ असेल तिथे ते येईल. बाकीच्यांसाठी रिमोटवर सिनेमा किंवा सराउंड मोड लावा, त्यात सिस्टीम दोनाचे पाच करून वाजवते. आईंच्या मालिकांना मात्र साधा मोडच ठेवा, बोलणं स्वच्छ ऐकू येईल.

ओठांचं: टीव्हीत आणि सिस्टीममध्ये दोन्हीकडे ऑडिओ डिले किंवा एव्ही सिंक नावाचं सेटिंग असू शकतं. त्याने आवाज फक्त आणखी उशिरा नेता येतो. तुमचा आधीच मागे आहे, म्हणून दोन्हीकडे शून्य करा. तरी राहिलं तर टीव्ही भिंतीवरच्या स्विचवरून बंद करून दोन मिनिटांनी लावा. आणि हे फक्त एकाच ॲपमध्ये होतंय की सगळीकडे, तेवढं बघून सांगा.

निखिल_कोपरखैरणे (शुक्रवार, रात्री १०:१०)
टीव्हीत डिले ६० वर होता, शून्य केला. सगळीकडे जुळलं. वूफरखाली बायकोची योगा मॅट दुमडून घातली आहे, रबरी उद्या आणतो. सर्वांचे मनापासून आभार. सिस्टीम परत करत नाही.

पडदा_मोठा (शुक्रवार, रात्री १०:१६)
हॉलचं माप राहिलं बघा. भिंतीपासून सोफा दहा फुटांवर असेल तर शॉर्ट थ्रोच (भिंतीजवळ ठेवायचा प्रोजेक्टर) घ्या, साध्या प्रोजेक्टरसमोर माणसांच्या सावल्या पडतात.