मदत हवी आहे : १२ पर्यंत बरोबर, १३ ला गडबड

नमस्कार मंडळी, सांगलीत विश्रामबागला असतो, डिप्लोमाला आहे. सी या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत रिकर्शननं (फंक्शन स्वतःलाच पुन्हा बोलावतं) फॅक्टोरियल (१ पासून त्या आकड्यापर्यंतचा गुणाकार) काढतोय आणि कालपासून डोकं पार भंजाळलंय.

आधी एररच जाईना. कंपायलर (कोड तपासून मशीनच्या भाषेत बदलणारा प्रोग्रॅम) कोडच्या १२ व्या ओळीवर बोट ठेवायचा, सेमीकोलन मात्र ११ व्या ओळीत राहिलेला. (सरळ सांगायला काय जातं त्याचं!) मग रागानं दिसेल तिथं सेमीकोलन ठोकले, अगदी इफच्या (अट तपासणाऱ्या ओळीच्या) कंसापुढंही. एरर गेली, पण ५ द्या नाहीतर ७, उत्तर १ च! इफपुढचा सेमीकोलन काढल्यावर ५ ला १२० आलं. तो असताना कंपायलर गप्प का बसला, हे काही कळलं नाही.

आता खरी अडचण. १२ ला ४७९००१६०० येतं, बरोबर आहे. १३ ला मात्र १९३२०५३५०४. वहीत गुणाकार केला तर ६२२७०२०८००. व्हेरिएबल इंट (साधा पूर्णांक) आहे, म्हणून मावत नाही का? लाँग लाँग (मोठा पूर्णांक) केलं तर फंक्शनचा रिटर्न टाइपही (ते परत देतं त्या उत्तराचा प्रकार) बदलायचा का?

आणि एक, गंमत म्हणून उणे १ दिला तर सेगमेंटेशन फॉल्ट, म्हणजे प्रोग्रॅमच कोसळतो. मी फक्त शून्यालाच थांबवलंय. ती अट कशी लिहू? परवा प्रॅक्टिकल आहे, जरा लवकर सांगा.