आजारी वडिलांसोबत रोज रात्री वाचायला काय घ्यावं? (बजेट ५०० रुपये)

वेंगुर्ल्याचा_मुलगा:
नमस्कार मंडळी. बाबा ७६ वर्षांचे, हृदयाचं दुखणं आहे. डॉक्टरांनी होडीवर जायला बंदी केल्यापासून पडवीत बसून असतात. चर्चमधली रविवारची उपासना त्यांनी कधी चुकवली नाही. परवा जेवता जेवता म्हणाले, "सगळा केलंय रे, पण माझी तयारी झाली काय नाय, ता माका समाजना नाय." मला उत्तर सुचलं नाही. रोज रात्री वीस मिनिटं त्यांच्याजवळ बसून वाचायचं ठरवलंय. सोपी मराठी हवी, टाइप मोठा हवा, ५०० च्या आत. काय घेऊ?

मांडवी_रत्नागिरी:
टिपांसह अभ्यासाचं बायबल घ्या. माझं चामडी बांधणीचं दोन हजारांचं आहे, बारा वर्षांत एक पान सुटलं नाही. पाचशेत असं मिळत नाही. अशा बाबतीत पैशाकडे बघू नये.

वसईची_सून:
फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं ‘सुबोध बायबल’ घ्या, डोळे मिटून. साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळालाय त्याला. माझ्या सासूबाई चौथी शिकलेल्या, त्यांनाही कळतं. फक्त जाड आहे, मांडीवर उशी घेऊन वाचावं लागतं.

मांडवी_रत्नागिरी:
ताई, ते ‘उपासना’ म्हणतायत, कॅथलिकांसारखं ‘मिस्सा’ नाही. म्हणजे प्रॉटेस्टंट असावेत. कॅथलिक बायबलात ७३ पुस्तकं, आमच्यात ६६. आधी ते बघायला हवं.

वसईची_सून:
नव्या करारातली, म्हणजे येशूपासून पुढच्या भागातली, २७ पुस्तकं दोन्हीकडे तीच आहेत, दादा. आजारी माणसाला तेवढी पुरतात.

रेवदंड्याचा:
‘ख्रिस्तपुराण’ कुणी सुचवलं नाही याचं वाईट वाटलं. फादर स्टीफन्स जन्माने इंग्रज, पण त्यांनी मराठीत ओव्या रचल्या, १६१६ साली गोव्यातल्या राचोलला छापून आल्या. आमच्या घरी आजोबा म्हणायचे. अर्थ निम्मा कळायचा, तरी अंगावर काटा यायचा.

खाडीकाठ:
चारशे वर्षांपूर्वीची मराठी आणि सोपी? मी माझं सांगते. वडिलांच्या शेवटच्या महिन्यात मी तीन पुस्तकं आणली. रोज अध्याय संपवायच्या घाईने वाचत गेले, ते डोळे मिटून पडून राहायचे. ते गेल्यावर आत्या म्हणाली, त्यांना काहीतरी बोलायचं होतं, पण तू वाचायची थांबायचीच नाहीस. भाऊ, कोणतंही घ्या, पण दहा ओळी वाचून पुस्तक मिटा आणि गप्प बसा. आणि आधी विचारा की त्यांना नेमकं काय राहून गेल्यासारखं वाटतं.

मालवणचे_गुरुजी:
नव्या करारातला मत्तय, अध्याय २५ वाचा, रात्री वराची वाट बघणाऱ्या दहा कुमारींचा दाखला. डिसेंबरात नाताळच्या चांदण्या आणि गोठ्यांवर हजारो खर्च होतात, हा दाखला मात्र कुणी उघडत नाही. दहाही जणींकडे दिवे होते. वराला उशीर झाला तेव्हा दहाही जणी झोपल्या, हे पुष्कळांच्या लक्षात राहत नाही. बाहेरून बघणाऱ्याला फरक दिसलाच नसता. पाच जणींनी भांड्यात वेगळं तेल घेतलं होतं, तो फरक मध्यरात्री कळला. तुमचे बाबा होडीवर होते, त्यांना समजावणं सोपं आहे. पेट्रोमॅक्स पंप मारून पेटवला की सगळे सारखेच लखलखतात. टाकीत रॉकेल किती, ते पहाटे कळतं. रविवारची हजेरी म्हणजे दिवा. तेल कुणाकडून उसनं मिळत नाही.

वसईची_सून:
गुरुजी, तो दाखला बंद दारापाशी संपतो, तेल नसलेल्या पाच जणी बाहेरच राहतात. घाबरलेल्या माणसाला रात्री झोपताना तो कसा वाचून दाखवायचा? लूक २३ वाचा, येशूशेजारी वधस्तंभावर खिळलेला चोर. त्याला तयारीला वेळच मिळाला नाही. "माझी आठवण करा" एवढंच येशूला म्हणाला, आणि त्याच दिवशी सुखलोकात असण्याचं वचन मिळालं.

मालवणचे_गुरुजी:
चोराच्या आधारावर लोक पश्चात्ताप उद्यावर ढकलतात, हे मी चाळीस वर्षं बघतोय.

वसईची_सून:
७६ वर्षांचा आजारी माणूस उद्यावर काय ढकलणार?

सडा_देवगड:
पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून सोप्या मराठीत भाषांतर केलं, बायकांना कळावं म्हणून. संपूर्ण बायबल १९२४ साली निघालं, त्या गेल्यावर दोन वर्षांनी. कुठे मिळालं तर बघा. आणि टाइप मोठाच घ्या.

मांडवी_रत्नागिरी:
मोठा टाइप माझ्या सांगितलेल्यातही आहे.

वेंगुर्ल्याचा_मुलगा:
सगळ्यांचे आभार. काहीच घेतलं नाही. खाडीकाठताईंनी सांगितलं तसं आधी विचारलं. बराच वेळ सुपारी कातरत बसले, मग म्हणाले, "शिरोड्याचो." शिरोड्याचे म्हणजे माझे काका. कलमांच्या वाटणीवरून एकोणीस वर्षं बोलणं नाही. बाबांचा स्वतःचा नवा करार होता, एकदा होडीत भिजलेला. पानं फुगलीत, कडांना मिठाचे पांढरे डाग आहेत, टाइप बारीक. त्यातलं मत्तय ५, ओवी २३-२४ मी कॅलेंडरच्या पाठीवर जाड स्केचपेनने लिहून काढलं. वेदीजवळ अर्पण तसंच ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर, ते. तीन रात्री तेवढंच वाचायला लावतायत. पाचशे रुपये रिक्षाला दिलेत, वर थोडे पडतील. रविवारी सकाळी शिरोड्याला जातोय. काकांना कळवलेलं नाही, बाबा नको म्हणाले.

मांडवी_रत्नागिरी:
रविवारी सकाळी? मग उपासना चुकेल. संध्याकाळी जा ना.

वेंगुर्ल्याचा_मुलगा:
मीही तेच म्हटलं. म्हणाले, "रवांदे. आदी थंय जाऊया."