एचओ घेऊ का एन? कोल्हापुरात मॉडेल रेल्वे सुरू करतोय, जागा थोडीच आहे

रंकाळा_पॅसेंजर:
नमस्कार मंडळी. रेल्वेचा नाद लहानपणापासूनचा, आता घरी वरची एक खोली मोकळी झालीय तर तिथं मॉडेल रेल्वे मांडायचीच असं पक्कं केलंय. मधोमध सहा बाय चारची प्लाय बसते, नाहीतर एका भिंतीला सलग दहा फूट जागा आहे. व्हिडिओ बघून बघून डोकं गरगरायला लागलंय, मॉडेलच्या मापात कोण म्हणतं एचओ घे, कोण म्हणतं एन. ओव्हलचा तयार सेट आणून सुरुवात करू का? शेवटी मला आपलं कोल्हापूर स्टेशन करायचंय आणि त्यात महालक्ष्मी एक्सप्रेस उभी राहिलेली बघायचीय. डीसीसी (गाड्या चालवायचा डिजिटल कंट्रोल) पहिल्यापासूनच लागतं का? आणि पावसाळ्यात आमच्या भिंतींना ओल धरते, त्यात रूळ टिकतील का हे पण सांगा.

मिरज_तीनगेज:
भावा, प्लाय सोड आणि भिंत धर. कोल्हापूर हे टर्मिनस आहे, रूळ तिथं संपतात, आलेली गाडी आल्या वाटेनंच मिरजेकडं परत जाते, मग तुला गोल गोल फिरवायची गरजच काय? प्लॅटफॉर्म, इंजिन सोडवून बाजूच्या लाइननं दुसऱ्या टोकाला न्यायची सोय, आणि दुसरीकडं एखाद्या पुलाच्या किंवा झाडीच्या मागं लपवलेलं छोटं यार्ड जिथं गाडी "मिरजेला" जाऊन थांबते, एवढं केलंस तरी खऱ्या स्टेशनसारखं काम चालतं.

आता स्केल. एचओ म्हणजे १:८७, एन म्हणजे १:१६०. एलएचबी (नव्या पद्धतीचा) डबा जवळजवळ २४ मीटरचा, तो एचओत साडेसत्तावीस सेमी होतो आणि एनमध्ये १५ सेमी. तुझ्या दहा फुटात प्लॅटफॉर्म, पॉइंट्स (गाडी एका लाइनवरून दुसरीवर नेणारे सांधे) आणि लपवलेलं यार्ड असं सगळं धरलं तर एचओत इंजिन आणि तीन डबे, एनमध्ये इंजिन आणि सहा डबे. महालक्ष्मी लांबलचक दिसायला पाहिजे असं असेल तर एन. स्वतःच्या हातानं डबे, शेड, सिग्नल बनवायचे असतील तर एचओ, कारण एनचं काम फार बारीक. मी एचओवाला आहे आणि हातानं करण्यातच खरा आनंद आहे असं मनापासून वाटतं.

अजून एक गोष्ट कुणी नव्या माणसाला सांगत नाही. आपलं ब्रॉडगेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, १६७६ मिमी, ते १:८७ मध्ये १९ मिमीच्या थोडं वर जातं, पण बाजारातला एचओ रूळ १६.५ मिमीचाच असतो कारण तो परदेशातल्या १४३५ मिमीसाठी आहे. म्हणजे आपली गाडी पावणेतीन मिमी अरुंद रुळावर उभी. समोरून बघितलं तर कळतं, बाजूनं नाही. बहुतेक सगळे तसंच चालवतात, तू पण चालव, सुरुवातीलाच रूळ हातानं ठोकायच्या भानगडीत पडू नकोस. आणि काळ पण आत्ताच ठरव. आता आपल्या लाइनवर विजेच्या तारा आल्यात, त्या मांडायच्या म्हणजे लई किचकट, डिझेलचा काळ धरलास तर ते सगळं वाचतं.

पुण्याची_केबिनवाली:
वरचं सगळं पटलं, फक्त ओव्हलला एवढं कमी लेखू नका हो. घरात लहान मुलं असतील तर त्यांना गाडी थांबलेली नाही, पळताना बघायची असते, आणि फिरत्या गाडीकडं नुसतं बघत बसण्यात मोठ्यांचं पण मन रमतंच की. दादा, तुम्ही एकदा पुण्यात कोथरूडला जोशींचं मिनिएचर रेल्वे म्युझियम बघून या, १९९८ पासून सुरू आहे, सिग्नलसकट सगळं चालताना दिसतं. आपल्याला शंटिंग (डबे जोडणं-सोडणं, हलवणं) आवडतं का पळती गाडी हे तिथं उभं राहिल्यावर आपोआप कळतं.

ओव्हल केलाच तर वळण बघून घ्या. तयार सेटमधलं सगळ्यात लहान वळण साधारण ३६० मिमी त्रिज्येचं असतं. खऱ्या ब्रॉडगेजवर वळण १७५ मीटरच्या खाली नेत नाहीत, ते एचओत २ मीटर होतं! म्हणून लांब डबे सेटच्या वळणावर बाहेर लोंबतात, शेजारच्या लाइनवरच्या गाडीला घासतात पण. चार फुटी प्लायवर ४८४ मिमीचं वळण आरामात बसतं, तेच घ्या. चढ टाळा. एका लाइनवरून दुसरी न्यायची तर सात-आठ सेमी उंची लागते, दोन टक्के चढानं तिथं पोचायला चार मीटर लागतात, आणि मग उतरायचं पण आहे.

डीसीसी नंतर घेतलं तरी चालतं. एकच इंजिन असेल तर साधा १२ व्होल्टचा डीसी कंट्रोलर पुरे. दोन इंजिनं एकाच रुळावर वेगवेगळी चालवायची वेळ आली की डीसीसी घ्या, त्यात प्रत्येक इंजिनात डिकोडर असतो आणि त्याचा स्वतःचा नंबर असतो. आत्ता फक्त डीसीसी-रेडी, म्हणजे डिकोडर बसवायची सोय असलेलं इंजिन घ्या म्हणजे पुढं खोलाखोली नको.

उद्यमनगर_लेथ:
ओलीचं मी सांगतो. साधी एमआर (फक्त दमटपणा सोसणारी) प्लाय आणू नका, फुगते आणि मग रूळ वरखाली. बीडब्ल्यूपी म्हणजे पाण्यात टिकणारी, आयएस ७१० ची घ्या, बारा मिमी, कडा आणि खालची बाजू पण रंगवा, लोक वरूनच रंगवतात आणि ओल खालून येते. फ्रेमला ॲल्युमिनियम सेक्शन, खिडक्यावाला कापून देतो. भिंतीपासून दोन इंच लांब ठेवा म्हणजे हवा खेळती राहते.

रूळ निकेल सिल्व्हरचेच घ्या. पितळी रुळावर जो थर चढतो त्यातून करंट जात नाही, निकेल सिल्व्हर बरंच बरं. साफ करायला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि सुती फडकं, पॉलिश पेपर अजिबात लावायचा नाही, त्यानं बारीक चरे पडतात आणि घाण त्यातच बसते.

आणि नव्या माणसाची गाडी अडकते ती बहुतेक वेळा वायरिंगमुळं. रुळाच्या जोडावर करंटसाठी भरवसा ठेवायचा नाही. बोर्डाखालून लाल-काळी जाड वायरची जोडी टाका आणि तिच्यापासून रुळाच्या प्रत्येक तुकड्याला बारीक वायर सोल्डर करा. सोल्डर करताना रुळाची बाहेरची बाजू धरा, आतून टाका आला तर चाकाची कड त्यावर चढते. बारीक कानस, चिमटे, पिन व्हाइस (बारीक ड्रिल धरायची मूठ) वगैरे सोनारकामाच्या दुकानात बघा.

रंकाळा_पॅसेंजर:
लई लई आभार सगळ्यांचे. भिंत आणि एचओ, ठरलं. पण पूर्ण स्टेशन व्हायला वेळ लागणार, तोवर काहीतरी चालवता येईल असं आहे का? मालगाडी पण चालेल.

मिरज_तीनगेज:
इंगलनूक नावाचं शंटिंगचं कोडं कर. तीन सायडिंग (एका टोकाला बंद बाजूच्या लाइनी), एकात पाच वॅगन मावतात, बाकी दोघांत तीन तीन, आणि पुढं इंजिन अधिक तीन वॅगन एवढी लाइन. पॉइंट फक्त दोन. आठ वॅगन असतात, त्यातल्या पाच चिठ्ठ्या काढून ज्या क्रमानं आल्या त्याच क्रमानं गाडी लावायची, असे ६,७२० क्रम होतात. आपला बंदिस्त वॅगन एचओत साधारण १७ सेमी, म्हणजे आठ फुटाच्या आत सगळं बसतं. पाटी गूळ-साखरेच्या मालधक्क्याची लाव, पोती शिवणाऱ्याच्या सुतळीतून आणि जुन्या तागातून मस्त होतात, खडीला चाळलेली बारीक बेसाल्टची कच घे, आपल्याकडं काळीच पाहिजे, परदेशी पाकिटातली करडी दिसते. पुढं स्टेशन झालं की हाच बोर्ड मालधक्का म्हणून शेजारी जोडता येतो, फक्त दोन्ही बोर्डांची उंची आत्ताच एक ठेव आणि कडेला दोन बोल्टची भोकं पाडून ठेव.