गच्चीवरच्या टाकीला पाइप किती इंची आणि कुठला घालायचा?

वडगावकर
बेळगावात दोन मजली घर बांधायलोय. टाकी गच्चीवर चार फुटी कट्ट्यावर, शेजारी पाणी तापवायचा सोलर. वर दोन बाथरूम. प्लंबर सगळीकडे अर्धा इंची सीपीव्हीसी (गरम पाणी सोसणारा प्लास्टिक पाइप) म्हणायलाय, सासरे जीआयवर (जस्त चढवलेल्या लोखंडी पाइपवर) अडून बसलेत. रेन शॉवरही बसवायचा आहे.

उताराचं पाणी
आधी उंची मोजा. 10 मीटरला साधारण 1 किलो (दर चौरस सेंमीला) दाब मिळतो. तुमच्या टाकीच्या तळापासून वरच्या मजल्याचा शॉवर जेमतेम 7 फूट खाली, म्हणजे दाब 0.2 किलो. रेन शॉवरचा नाद सोडा, नाहीतर प्रेशर पंप घ्या.

एवढ्या कमी दाबात बारीक पाइप घातला की धार गेलीच. अर्धा इंची सीपीव्हीसीचं आतलं भोक साधारण 12.5 मिमी, पाऊण इंचीचं 18 मिमी. पाण्याला वाट दुपटीहून जास्त! टाकीतून दीड इंची उतरवा, प्रत्येक बाथरूमला एक इंची, आत पाऊण इंची फिरवा. अर्धा इंच फक्त नळाच्या तोंडाशी. टाकीच्या व्हॉल्व्हनंतर लगेच एअर पाइप काढून झाकणाच्या वरपर्यंत उघडा ठेवा. तो नसला की लाइनीत हवा अडकते, नळ थुंकायला लागतो.

जुना पाना
सासऱ्यांना सांगा, बोअरच्या जड पाण्यात जीआय आतून गंजतो, क्षार धरतो, भोक बारीक होत जातं. राकसकोप धरणाचं नळाचं पाणी येत असलं तरी उन्हाळ्यात बोअर मिसळणारच ना?

गार पाण्याला यूपीव्हीसी (साधा कडक प्लास्टिक पाइप) चालतो. गरमला सीपीव्हीसी, तोही एसडीआर 11 (बाहेरचा व्यास भागिले भिंतीची जाडी; आकडा लहान तेवढी भिंत जाड). एसडीआर 13.5 बाहेरून तेवढाच जाड दिसतो, पण भिंत पातळ असते. पाइपवरचा छापा वाचूनच घ्या. सीपीव्हीसीची मर्यादा 93 अंश. घर बंद असताना सोलरचं पाणी त्यापुढे जाऊ शकतं, म्हणून सोलरजवळचे पहिले काही फूट जीआय किंवा तांबं. सासऱ्यांचाही मान राहील.

वडगावकर
भिंतीत गेल्यावर गळालं तर?

जुना पाना
गिलाव्याआधी टेस्ट घ्या. जोड चोवीस तास वाळू द्या, सगळी तोंडं प्लगनं बंद करा, टेस्टिंगच्या हातपंपानं निदान 6 किलो दाब द्या. तासभर गेजचा काटा हलता कामा नये.

गळतं ते बहुतेक जोडात. पाइप काटकोनात कापा, कडेचा कीस काढा, सीपीव्हीसीचंच सोल्युशन लावा, पाव फेरा फिरवून अर्धा मिनिट दाबून धरा. नळाच्या जागी पितळी आट्यांचा एल्बो घ्या, प्लास्टिकचे आटे पाना लावताना चिरतात. आट्यांवर टेफ्लॉन टेप, सफेदा (आट्यांना लावायची पांढरी पेस्ट) नको.